शेवंती कॉलनीतले एकतीस

धार
९ नोव्हेंबर २०२४

ती. जयवंतीआत्या,

साष्टांग नमस्कार. खरोखरचा, टेबलावर कपाळ टेकवून घातलेला, कारण पुढचं वाचून तू माझ्यावर खेकसणार आहेस.

आधी तक्रार. सगळं जग फोनवर बोलतं आणि मी पाकिटं चिकटवत बसते. तुला फोनवर ऐकू येत नाही, कानात यंत्र घालायला तू तयार नाहीस, आणि हिंदी शाळेत शिकून माझं मराठी बिघडलं म्हणून पत्रं लिहायची शिक्षा मला. दादा, म्हणजे माझे वडील आणि तुझे लाडके धाकटे बंधू, शेजारच्या खोलीतून विचारतायत की अक्काला माझ्याबद्दल काय लिहितेस. मी म्हटलं, दादा, लिहिण्यासारखं तुमच्या बाबतीत काही घडतच नाही.

आता कामाचं. तुमच्या देवासच्या ट्रस्टच्या कॅन्सर हॉस्पिटलाने आमच्या कॉलेजातल्या कृष्णराव सरांना एक काम दिलंय आणि सरांनी ते, नेहमीप्रमाणे, माझ्या गळ्यात घातलंय. पाच वर्षांत आलेल्या रुग्णांचे तक्ते करायचे. अकराशे बेचाळीस माणसं. नावं आम्हाला देत नाहीत. नंबर, वय, पुरुष की बाई, कॅन्सर कुठला, तंबाखू खातात का, आणि पत्ता, एवढंच. पुरुषांमध्ये तोंड आणि जीभ सगळ्यांच्या वर, ही गुटख्याची कृपा. बायकांमध्ये गर्भाशयाचं तोंड आणि स्तन. आणि वाईट गोष्ट अशी की चारातले तीन जण फार उशिरा येतात. म्हणून ट्रस्ट तपासणीची गाडी घेतंय. आत डॉक्टर, नर्स, यंत्रं, सगळं. पण गाडी एकच. आमच्या नकाशावर जिथे ठिपके दाट असतील तिथे ती तीन वर्षं राहणार. सहा जानेवारीला बैठक आहे, त्यात ठरेल.

आत्या, आता खाली बस. सगळ्यात दाट ठिपके तुझ्या शेवंती कॉलनीत आहेत. घरं चाळीस आणि कॅन्सर एकतीस! मी तीन वेळा मोजले. कृष्णराव सर तर खुर्चीतून उठून उभे राहिले. निवृत्त होण्याआधी त्यांना एक तरी शोध लावायचा होताच. त्यांचा संशय पाण्यावर आहे, नाहीतर कारखान्यांच्या धुरावर.

तू तिथे चाळीस वर्षं राहतेस. मला गुपचूप लिही, लोक काय खातात, कुठलं पाणी पितात, कोण कोण आजारी आहे. बोअरचं पाणी एका स्वच्छ बाटलीत भरून कुणाबरोबर तरी पाठव. घाबरू नकोस, पण स्वतःची तपासणी मात्र करून घे, प्लीज.

तुझी
आरोही


देवास
१५ नोव्हेंबर २०२४

चि. आरोहीस,

आशीर्वाद पुष्कळ. अक्कल तुझी तू मिळव.

मी खाली बसूनच वाचत होते. माझ्या वयाच्या बाईला पत्र वाचण्यासाठी उभं राहायचं काही कारण नसतं.

पाण्याची बाटली चिंटूबरोबर पाठवली आहे. चिंटू म्हणजे समोरच्या घरातला, वय वर्षं बावन्न, पण कॉलनीत अजून चिंटूच. स्वच्छ बाटली घरात एकच होती, हरिद्वारच्या गंगाजलाची. ते तुळशीला घातलं आणि बोअरचं पाणी भरलं. तुझ्या सरांना सांग, थोडं पुण्य तळाशी राहिलं असेल, तेवढं हिशेबातून वगळा.

खाण्याचं विचारतेस. सकाळी पोहे, पोह्यांवर सेव, सेवेवर कांदा, शेजारी जलेबी. दुपारच्या जेवणात सेव. संध्याकाळी कुणी आलं तर नुसती सेव. तुझ्या काकांचे वडील, म्हणजे माझे सासरे, कारखान्याच्या नोकरीसाठी साताऱ्याहून इथे आले तेव्हा भाकरी आणि खर्डा खायचे. आता आमच्याकडे श्राद्धाच्या पानातसुद्धा डाव्या बाजूला सेव वाढतात आणि पितर तक्रार करत नाहीत. तुम्ही धारचे दरबारी लोक नाकं मुरडाल, मुरडा.

आजारी कोण? चिंटूचे गुडघे दुखतात. सात नंबरातल्या मधुवंतीला आजार नाही, सून आहे. धूर म्हणशील तर तो कारखान्याचा नाही, गल्लीतल्या आयुषच्या बुलेटचा. मी स्वतः ठणठणीत. साखर थोडी वर असते, ती घराण्याची आहे.

तेव्हा एकतीस वगैरे काही नाही. तुमचं मोजण्यात चुकलं असेल. तक्त्यातली ती ओळ सरळ खोडून टाक आणि दुसऱ्या कामाला लाग. आणि शरूला, तुझ्या दादांना, यातलं काही सांगत बसू नकोस. तो उगीच काळजी करतो.

तुझी आत्या
जयवंती


धार
२४ नोव्हेंबर २०२४

ती. आत्या,

नमस्कार. गंगाजलाच्या बाटलीतलं पाणी प्रयोगशाळेत दिलं होतं. पाण्यात क्षार आहेत, बाकी काही नाही. सर दोन दिवस उदास होते. मग त्यांनी सेवेचं तेल तपासायचं ठरवलं.

तू ओळ खोडायला सांगतेस. आत्या, तू शाळेत चाळीस वर्षं शिकवलंस. हजेरीपत्रकातली ओळ तू कधी खोडली होतीस का?

पण तुला एक बातमी देते, तू खूश होशील. गाडी जवळजवळ तुमचीच. ट्रस्टचे सेक्रेटरी वकील आहेत, त्यांनी आमचा कच्चा नकाशा बघून सांगितलं की गाडी शेवंती कॉलनीच्या मैदानात उभी राहील, तीन वर्षं. चिंटूला म्हणावं, शेजारी चहाची गुमटी टाक.

गंमत बघ, ज्या भागातून रुग्ण येतील असं मला वाटलं होतं तिथे नकाशा कोराच आहे. आमच्या जिल्ह्यातली गंधवानी तहसील, पाच वर्षांत एक रुग्ण. कुक्षी दोन. तुमच्या जिल्ह्यातल्या पीपलरावां गावाकडचे सुद्धा चारच. सर म्हणाले, तिकडची हवा शुद्ध, खाणं साधं, त्यामुळे तिथे हा रोग होतच नाही. अहवालात त्यांनी एक अख्खा परिच्छेद लिहिलाय, 'निरोगी पट्टा' असं नाव देऊन. गंधवानीला गाडी पाठवायची गरज नाही, असं त्यात शेवटी आहे.

मला ते पटत नाही, पण आकड्यांपुढे मी काय बोलू? आणि एक सांगू? तुझ्या प्रत्येक पत्रात किमान पाच शेजाऱ्यांची दुखणी असतात, तपशीलवार. या वेळी सगळी कॉलनी एकदम धडधाकट. आत्या, तू काहीतरी लपवतेस.

आरोही


देवास
२९ नोव्हेंबर २०२४

चि. आरोही,

तुझ्या सरांना माझा निरोप दे. हवा शुद्ध असेल, पण थावरी मेली.

आता सगळं सांगते. मध्ये 'अय्या' आणि 'मतलब' करू नकोस.

पाच वर्षांपूर्वी मी त्या हॉस्पिटलात साखर दाखवायला गेले होते, ट्रस्टचा साधा दवाखानाही तिथेच आहे. खिडकीपाशी रांग. माझ्या पुढे एक भिल्लीण आणि तिचा नवरा. ती थावरी, नवरा रेमसिंग, गंधवानीच्या पलीकडच्या एका फळियातले, म्हणजे पाड्यातले. खिडकीतला माणूस विचारत होता, "देवास में कहाँ रुकोगे?" तिथे नियम आहे. सिकाई, म्हणजे तो यंत्राचा शेक, रोज घ्यावा लागतो, सहा आठवडे. लांबचे लोक मध्येच सोडून जातात, म्हणून ज्याचा पत्ता देवासचा त्याचा नंबर आधी. बाकीच्यांना तीन-तीन महिन्यांनंतरची तारीख.  रेमसिंगला देवासमध्ये एक झाडसुद्धा ओळखीचं नव्हतं. थावरीने मागे वळून पाहिलं, मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "इनके यहाँ।"

मी जन्माची मास्तरीण. कुणी बोट दाखवलं की उभी राहते. खिडकीतल्या माणसाने विचारलं, "माताजी, आपके यहाँ?" मी म्हटलं, "और नहीं तो क्या, भिया, तुम्हारे यहाँ?" त्याने शेवंती कॉलनी लिहिलं. घरनंबर विचारलाही नाही.

सांगितलं तर ठेवायला नको? पदरी पडलं आणि पवित्र झालं. मागची खोली रिकामीच होती. थावरी सहा आठवडे राहिली. तिला माझा गॅस आवडत नसे, अंगणात तीन विटा मांडून मक्याच्या रोट्या करायची, आणि मला काही येत नाही म्हणून हसायची. पण ती फार उशिरा आली होती. दोन वर्षं अंगावर काढलेलं. घरी परत गेली आणि होळीच्या भगोरिया जत्रेआधी वारली. तिच्या नवऱ्याने मला मक्याचं एक पोतं आणून दिलं आणि सोबत आणखी एक बाई आणली.

मग गंधवानीत पसरलं की देवासला अपनी मास्टरनी का घर आहे. तिथून कुक्षीपर्यंत गेलं. माझ्याकडे जागा पुरेना तेव्हा चिंटूने वरची खोली दिली, मधुवंतीने सुनेचा राग विसरून दोघींना ठेवलं. सगळी कॉलनी या चोरीत सामील आहे. कागदावर सगळ्यांचा पत्ता एकच. मला वाटायचं, केवढी मी चतुर! सरकारचं नाही, खाजगी कुणाचं नाही, कुणाचंच काही बिघडत नाही, आणि माणसाला शेक वेळेवर मिळतो.

तुझ्या पत्रावरून कळलं की करायला गेले गणपती आणि झाला मारुती. मी त्यांना खोली दिली आणि नकाशावरून त्यांचं गाव पुसलं. गाडी आता माझ्या दारात उभी राहणार आणि पुढची थावरी तिकडे दोन वर्षं अंगावर काढणार. आरोही, मला तीन रात्री झोप नाही. खूप लाज वाटते.

काय करायचं ते सांग. फक्त सध्या माझ्याकडे दोघी आहेत, त्यांची सिकाई थांबता कामा नये. नाहीतर मी हॉस्पिटलाच्या दारात बसेन आणि तिथून हलणार नाही.

जयवंती


धार
५ डिसेंबर २०२४

आत्या गं,

तुझं पत्र वाचून मी आधी हसले, मग रडले, मग परत हसले. दादांनी दारातून डोकावून विचारलं काय झालं. मी म्हटलं, अक्काने पाच वर्षं हॉस्पिटलाला फसवलं. ते चपला घालून फिरायला निघून गेले. ऑफिसातली सवय, नियम मोडलेला ऐकवत नाही.

सरांना सांगितलं. त्यांनी लागोपाठ दोन चहा घेतले, तिसरा मागवला, आणि म्हणाले, "बरं झालं, छापायच्या आधी कळलं." माणूस चांगला आहे. 'निरोगी पट्टा' स्वतःच्या हाताने फाडला.

तुझ्या दोघींना कुणी हात लावणार नाही. सुरू झालेली सिकाई थांबवत नाहीत, हे डॉक्टरांनी मला स्वतः सांगितलं. आणि खिडकीवर आता दोन पत्ते विचारणार आहेत, राहायचा वेगळा आणि गावचा वेगळा. नंबर राहायच्या पत्त्यावर. म्हणजे तुझा धर्मशाळेचा धंदा चालू राहील.

पण गाडीचं सोपं नाही. सेक्रेटरी वकीलसाहेब म्हणाले, "एका म्हातारीच्या सांगण्यावरून नकाशा बदलायचा?" (म्हातारी हा शब्द त्यांचा.) प्रत्येकाकडून खऱ्या पत्त्याची चिठ्ठी हवी, रुग्णाच्या किंवा त्याच्या घरच्यांच्या सहीची. एकतीसच्या एकतीस. एकही कमी असेल तर ते म्हणणार की बाकीच्याही अशाच गोळा केल्या असतील, आणि गाडी कॉलनीत. सहा जानेवारीच्या आधी चिठ्ठ्या माझ्या हातात हव्यात. सोबत कोरे फॉर्म पाठवतेय.

आरोही


देवास
२२ डिसेंबर २०२४

चि. आरोही,

हे म्हातारीचं पत्र.

सोबत तीस चिठ्ठ्या आहेत. मोजून घे, तुझा मोजण्यावर विश्वास असतो.

चिंटूच्या व्हॅनने गेलो. मी, चिंटू आणि चिंटूचे गुडघे. गंधवानीच्या हाटाचा दिवस धरला, कारण फळियात एकेका घरी जायचं तर पुढचा डिसेंबर उजाडला असता. बाजारात एका बांगडीवालीच्या शेजारी चटई टाकून बसले. अर्ध्या तासात रेमसिंग आला. त्याला सांगितलं की गाडी आणायची आहे, अंगठे लागतील. तो म्हणाला, "मास्टरनीजी, आप बैठो।" आणि दुपारपर्यंत त्याने माणसं अशी आणली की बांगडीवालीला वाटलं मी फुकट काहीतरी वाटते आहे. तिने माझ्याकडून तीन फॉर्म मागून घेतले.

काही जण धडधाकट भेटले. कुक्षीची जानकीबाई, जिचं स्तनाचं ऑपरेशन झालं होतं, ती आता मिरच्या विकते आणि मला हिशेबापेक्षा जास्त मिरच्या देते. तिला मी विचारलं, फॉर्मवर तू तंबाखू खात नाहीस असं लिहिलंय, खरं का? ती म्हणाली, "मुझसे पूछा ही किसने? मेरे घरवाले से पूछा था।" हे तुझ्या सरांना कळव. त्यांच्या तक्त्यातल्या अर्ध्या बायकांच्या नावापुढे नवऱ्याची उत्तरं आहेत.

काही जण भेटले नाहीत, त्यांची मुलं भेटली. एकूण तेरा गेले, आरोही. मी गेलेल्यांचे अंगठे त्यांच्या मुलांकडून घेत होते तेव्हा प्रत्येकाचं नाव मी एकदा मोठ्याने वाचलं, हजेरीसारखं.

गंधवानी सतरा, कुक्षी आठ, पीपलरावांकडचे पाच. तीस झाले.

एकतिसावा आहे. माझ्याच घरात राहत होता, मीच त्याला रोज सिकाईला नेत असे. तो बरा झाला आणि गेला. पण त्याने मला शपथ घातली आहे, देव्हाऱ्यासमोर, की घरात कुणालाही कळू द्यायचं नाही. मी त्याला दोनदा निरोप पाठवला. उत्तर नाही. मी खोटे पत्ते पुष्कळ दिले, पण शपथ मोडलेली नाही अजून. तूच तुझ्या वकिलाला पटव. तीस म्हणजे काय थोडे झाले?

जयवंती


धार
२७ डिसेंबर २०२४

(पोस्टकार्ड)

आत्या, पाकिटं संपली म्हणून कार्ड. वकील पटत नाही. एकतीस म्हणजे एकतीस. तीस चिठ्ठ्यांवरचे नंबर वगळून मी तक्त्यात तुझा माणूस शोधला. नंबर ६१८, पुरुष, वय एकसष्ट, जिभेची कड, पत्ता शेवंती कॉलनी. सिकाई नोव्हेंबर-डिसेंबर २०२२ मध्ये पूर्ण. त्यानंतर तीनदा तपासणीला आला, शेवटचा मे २०२३ मध्ये. मग आलाच नाही! दीड वर्षाच्या वर झालं. रोग उलटायची भीती पहिल्या दोन-तीन वर्षांतच सगळ्यात जास्त असते, हे त्याला कुणी सांगितलं नाही का? घरात मुलगा-मुलगी कुणी नाही? असतील तर झोपा काढतात का? त्याला म्हणावं, तुझ्या एका सहीसाठी गंधवानीची गाडी अडलीय, आणि तुझा स्वतःचा जीवसुद्धा. शपथ मोड, आत्या. पाप मला लागू दे. आरोही.


धार
२८ डिसेंबर २०२४

ती. अक्कास,

शिरसाष्टांग नमस्कार. आरोहीने तुला कालच्या तारखेचं एक कार्ड लिहिलं आहे. ते तुला मिळणार नाही. ते इथे टेबलावर आहे.

टपालपेटीपर्यंत सकाळी मीच चालत जातो, म्हणून तिने ते माझ्या हाती दिलं. दुसऱ्याचं पत्र वाचू नये हे मला कळतं. पण कार्ड उघडं असतं, आणि तहसील कचेरीत पस्तीस वर्षं काढलेल्या माणसाला उघडा कागद न वाचता पुढे सरकवता येत नाही. पहिल्या तीन ओळी मी चालता चालता वाचल्या. 'नंबर ६१८' आल्यावर थांबलो.

पेटीपाशी किती वेळ उभा होतो कोण जाणे. एक तरुण मोटारसायकल थांबवून म्हणाला, "अंकलजी, डाल दूँ?" मी म्हणालो, "नहीं भिया, पता गलत है।"

घरी आलो. आरोही चहा गाळत होती. मी कार्ड तिच्यासमोर ठेवलं आणि सांगितलं, हे देवासला पाठवायला नको, ज्याला लिहिलं आहेस तो घरीच आहे.

तिने कार्ड पाहिलं, मला पाहिलं, पुन्हा कार्ड पाहिलं. मला वाटलं आता रडेल. नाही. तिने माझा हात धरून मला खिडकीशी नेलं आणि म्हणाली, "आ करा. जीभ बाहेर. डावीकडे. आता उजवीकडे." मोबाइलचा दिवा तोंडात घातला. साठी उलटलेल्या बापाची अशी तपासणी चालू असताना दूधवाला दारात आला, त्याने ते दृश्य पाहिलं आणि दूध उंबऱ्यावर ठेवून निघून गेला. तिला जिभेतलं काही कळत नाही, अक्का, ती आकडे शिकवते. पण तिने नीट पाहिलं. मग रडली.

मी तिला सगळं सांगितलं. की तेव्हा तिच्या आईला जाऊन वर्षच झालं होतं आणि पोरगी पुण्यात शेवटच्या परीक्षेत होती. कळलं असतं तर सगळं टाकून आली असती. म्हणून मी दिवाळीला बहिणीकडे राहायला गेलो आणि दोन महिने राहिलो. ती जून २०२३ मध्ये शिकून धारला परत आली, आणि माझ्या देवासच्या फेऱ्या संपल्या. तिला काय सांगून निघणार? दर महिन्याला ठरवायचो, पुढच्या महिन्यात सांगू. भीती तपासणीची नव्हती. तिच्या चेहऱ्याची होती. आता तो चेहरा पाहिला, आणि मी अजून जिवंत आहे.

ती मला रागावली नाही, हे मला जड जातं आहे. ती स्वतःलाच रागावते आहे. 'असतील तर झोपा काढतात का' हे तिचंच वाक्य ती सकाळपासून दहा वेळा म्हणाली. मी म्हटलं, बाळ, माणूस मुद्दाम दार लावून बसला तर आतलं दिसणार कसं? तरी ऐकत नाही. तू समजाव.

तुलाही एक सांगायचं आहे. तू दोनदा निरोप पाठवलास, मी उत्तर दिलं नाही, ते माझं चुकलं. शपथ मी घातली होती, मीच उतरवतो आहे. तुझ्याकडून काही मोडलेलं नाही.

दुपारी तिने फॉर्म काढला. नाव मी लिहिलं. हॉस्पिटलात दिलेला पत्ता, शेवंती कॉलनी, देवास, तोही मीच लिहिला. खऱ्या पत्त्याच्या ओळीवर माझा हात थांबला, तेव्हा तिने पेन घेतलं आणि आपल्या गल्लीपर्यंत सगळं व्यवस्थित लिहिलं. मी सही केली. एकतीस झाले. वकीलसाहेबांना आता बोट ठेवायला जागा नाही, गाडी गंधवानीला जाईल असं कृष्णराव फोनवर म्हणाले. रेमसिंगला कळव.

सोमवारी सकाळी आम्ही दोघं देवासला येतो. आधी माझी तपासणी, मग तुझ्याकडे जेवण. काय निघेल ते निघेल. तिखट घालू नकोस, माझी जीभ अजून हळवी आहे.

संध्याकाळी आरोही जमिनीवर नकाशा पसरून बसली होती. तुझी कॉलनी पुसून कोरी झाली होती आणि गंधवानीत कागद दिसत नव्हता. शेवटचा ठिपका राहिला होता. तिने विचारलं, "दादा, आपलं घर नक्की कुठे येतं?" मी धारवर बोट ठेवलं. ते काढायला लागलो तेव्हा ती म्हणाली, "राहू द्या," आणि माझ्या बोटाला लागूनच ठिपका काढला.

तुझा
शरू